भाडेपट्ट्याची गाडी आणि बाहेरच्या ॲक्सेसरीज

लीजवर घेतलेल्या गाडीत बाहेरची ॲक्सेसरी बसवताना किमतीआधी एकच पाहायचे असते: मुदत संपल्यावर ती मागमूस न ठेवता निघेल का? हप्ता वापरणाऱ्याचा, गाडी लीज कंपनीची. लेखी परवानगीशिवाय फेरबदल करायचा नाही, हे कलम करारात बहुधा असतेच. नव्या गाडीच्या आनंदात ते वाचतो कोण! शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २(३०)नुसार लीजवरच्या गाडीचा ‘मालक’ म्हणजे करारान्वये ताबा असलेली व्यक्ती. बेकायदा फेरबदलासाठी कलम १८२अ(४)मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. गाडी कंपनीची आहे, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

पायपुसण्या, डिकीतला ट्रे, मोबाइल होल्डर या वस्तू निरुपद्रवी. ड्रायव्हरची मॅट तेवढी मूळ खुंट्यांत अडकली पाहिजे, नाहीतर ती सरकून पेडलखाली जाते. सीट कव्हर मात्र दिसते तितके साधे नाही. साइड एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्या बाहेरच्या कडेत असते, आणि जाड रेक्झिनचे आवळून शिवलेले कव्हर तिची वाट अडवते. त्या जागी सहज उसवणारी शिवण असलेले कव्हरच घ्यावे.

खरी परीक्षा वायरिंगची. प्रस्तुत लेखकाने डॅशकॅम बसवून घेतला तो पुण्यात नाना पेठेत. फिटरने आल्या आल्या कटर काढला. मूळ वायर सोलायची, नवी पिळायची, वर काळी टेप. दहा मिनिटांचे काम. ‘वायर कापायची नाही’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण दुसरा मार्ग त्यालाही ठाऊक होता. स्टिअरिंगखालच्या फ्यूजबॉक्समधला चार्जिंग सॉकेटचा फ्यूज त्याने उपसला, त्या जागी फ्यूज टॅप खोचला, जुना फ्यूज त्यातच बसवला आणि कॅमेऱ्यासाठी शेजारी वेगळा छोटा फ्यूज दिला. अर्थिंग बॉडीच्या बोल्टला. काचेच्या कडेच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून नव्हे, मागून न्यावी लागते. हे त्याला सांगावे लागले. असा कॅमेरा काढायला चिमटा पुरतो. कापलेली वायर मात्र सर्व्हिस सेंटरच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्या सर्किटमध्ये बिघाड झाला तर वॉरंटीचा दावा तिथेच अडतो.

भोके पाडणाऱ्या वस्तूंना सरळ नकार द्यावा. मडफ्लॅपसाठी पत्र्यात मारलेला स्क्रू कोकणातल्या एका पावसाळ्यात गंज धरतो. रेन व्हायझर चिकटपट्टीचा असल्याने निर्धोक वाटतो; तो हेअर ड्रायरने तापवून, मागून नायलॉनचा दोरा ओढून काढता येतो, पण खालच्या रंगाची छटा वेगळी दिसू शकते.

काही गोष्टी परवानगी मिळाली तरी बसवू नयेत. पुढच्या लोखंडी क्रॅशगार्डवर कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७मध्ये कळवले आहे. गार्डमुळे धडकेचा जोर भलतीकडे वळतो, पादचाऱ्याची इजाही वाढते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली. पुढे काचांच्या नियमात बदल झाले, तरी पुढच्या-मागच्या काचेतून ७० आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, ही अट कायम आहे. चौकातल्या हवालदाराकडे तो मोजायचे यंत्र असेलच असे नाही, आणि वाद तिथेच सुरू होतो.

विमा बहुधा लीज कंपनीच उतरवते, म्हणून वस्तूची किंमत तिला कळवावी लागते. गाडीच्या यादीकिमतीत नसलेल्या विद्युत वस्तूंसाठी प्रचलित जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के असतो. नोंद नसलेली म्युझिक सिस्टीम चोरीला गेली तर ती गेलीच.

परतीच्या तपासणीत ओरखडे, भोके, चिकटपट्टीचे डाग यांचे पैसे लागू शकतात. महागड्या ॲक्सेसरीबद्दल सहसा काहीच वजावट मिळत नाही. बसवण्यापूर्वीचे फोटो, बिले आणि परवानगीचा ईमेल गाडी परत केल्याची पोच हातात पडेपर्यंत जपून ठेवावेत.