सांध्यांची वही

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या संगणकावरच्या खेळात यान बांधायला घेतलं की पहिला भाग बहुतेक वेळा अंतराळवीराची कुपीच असते. मग तिच्याखाली एकेक भाग लावत जायचं. जे सगळ्यांत शेवटी लावलं ते उड्डाणात सगळ्यांत आधी गळून पडतं. हा उलटा क्रम मला फार शहाणा वाटतो. परत काय यायचं आहे ते आधी ठरतं, मग त्याला पोचवणाऱ्यांची रांग लागते. सुट्या भागांचं यान आखताना मी कागदावर यान काढतच नाही, नुसत्या आडव्या रेघा काढतो. एक रेघ म्हणजे सुटण्याची एक जागा. रेघा पक्क्या झाल्या की मधल्या टाक्या आणि इंजिनं ठरवायला वेळ लागत नाही.

*

खेळ जन्मला मेक्सिको सिटीत, स्क्वॉड नावाच्या कंपनीत. तिचा मूळ धंदा मार्केटिंगचा. करणारा फेलिपे फालांगे, ब्राझीलचा. पहिली आवृत्ती जून 2011मध्ये लोकांच्या हाती आली. डॉकिंग (दोन यानं अवकाशात जोडण्याची सोय) आलं डिसेंबर 2012मध्ये, 0.18 या आवृत्तीत. मधल्या काळात मुनला (खेळातल्या चंद्राला) जायचं तर सगळं काही एकाच रॉकेटवर न्यावं लागे. त्या दिवसांतली रॉकेटं म्हणजे नुसत्या इमारती.

*

सांधा परवडतो का, याचा एक हिशेब. मुनच्या कक्षेतून खाली उतरायला साधारण 580 मीटर प्रतिसेकंद वेगबदल लागतो, परत वर यायला तेवढाच. खेळातल्या टेरियर इंजिनाचा विशिष्ट आवेग निर्वातात 345 सेकंद. रॉकेटच्या समीकरणात हे आकडे घातले तर एक टन वजन खाली नेऊन वर आणायला, टाक्यांचं वजन न धरता, सुमारे 400 किलो इंधन जळतं. उष्णतारोधक कवच, पॅराशूट, घरी परतायचं इंधन ही मुनच्या जमिनीवर निरुपयोगी मंडळी. ती वरच कक्षेत ठेवली तर टनामागे 400 किलो वाचतात. त्यासाठी लागतात दोन डॉकिंग पोर्ट, प्रत्येकी 50 किलोचे. वर ठेवायचं सामान 300 किलोच्या पुढे गेलं की सांधा आपली किंमत वसूल करतो.

पण हे कागदावर. उतरणाऱ्या यानाला वेगळी कुपी हवी, वेगळे छोटे थ्रस्टर हवेत, त्यांचं मोनोप्रोपेलंट हवं. तेही धरलं तर एकट्या कर्बलला (खेळातल्या अंतराळवीराला) मुनवर न्यायला बहुधा अखंड यानच हलकं पडतं. अपोलोची नक्कल करायची हौस असेल तर करावी. काटकसर म्हणून करू नये.

*

अपोलोला ते परवडलं, कारण खरा चंद्र मोठा आहे. त्याच्याभोवतीच्या खालच्या कक्षेतला वेगच सेकंदाला 1.6 ते 1.7 किलोमीटर. उतरण्या-चढण्याचं मिळून किमान 3.4 किलोमीटर प्रतिसेकंद धरलं आणि त्या काळची इंजिनं धरली तर खाली नेऊन वर आणलेल्या दर किलोमागे निदान दोन किलो इंधन. नासाच्या लँगली केंद्रातले जॉन हूबोल्ट हेच सांगत होते. नोव्हेंबर 1961मध्ये त्यांनी सगळी अधिकाराची उतरंड ओलांडून नासाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट सीमन्स यांना थेट पत्र लिहिलं. जुलै 1962मध्ये नासाने चंद्राच्या कक्षेत जोडणी करण्याचा मार्ग निवडल्याचं जाहीर केलं. तोवर एकाही देशाने अवकाशात एकही जोडणी केलेली नव्हती! पहिली झाली 16 मार्च 1966 रोजी, जेमिनी-8 आणि अजीना हे लक्ष्ययान यांची. चालवणारे नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट. आणि जोडल्यावर थोड्याच वेळात अडकलेल्या थ्रस्टरमुळे ती जोडी गरगरू लागली, हेही लक्षात असू द्यावं.

*

जोडणीसाठी पुढचं यान गाठायचं म्हणून त्याच्याकडे नाक करून इंजिन पेटवलं की ते आणखी दूर जातं. वेग वाढला की आपली कक्षा फुगते, आणि वरच्या कक्षेत फेरी मारायला जास्त वेळ लागतो. गाठायचं तर खाली उतरायचं. जून 1965मध्ये जेमिनी-4च्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, सरळ नेम धरून. इंधन गेलं, टप्पा हाती लागला नाही. आज हा खेळ खेळणारी शाळकरी मुलं हे एका संध्याकाळी शिकतात. मॅकडिव्हिट यांच्याकडे खेळायला खेळ नव्हता.

*

तोडणारा भाग आणि जोडणारा भाग यांत गल्लत नको. डिकपलर एकदाच सुटतो, सुटताना धक्का देतो आणि स्वतः एका बाजूला चिकटून राहतो. सेपरेटर दोन्ही बाजूंनी सुटतो आणि मध्ये एक कडं तरंगत ठेवतो. ते कडं नंतर कुणाच्या तरी सौरपट्ट्यांवर आदळायचं. पोर्ट हळू सोडतो, पुन्हा धरतो. त्याला चुंबक असतो. एकदा सोडल्यावर जरा मागे सरल्याशिवाय तो पुन्हा पकडत नाही. जिथे परत भेट नाही तिथे पोर्ट लावणं ही चैन.

*

पोर्ट तीन मापांचे: ज्युनियर 20 किलो, मधला 50, सीनियर 200. एका मापाचा दुसऱ्या मापाला जोडता येत नाही. हे बंधन नकोसं वाटतं, पण मला ते आवडतं, कारण त्यामुळे पहिल्या यानाच्या वेळीच पुढच्या सगळ्या यानांचं धोरण ठरवावं लागतं. मापं न जुळणं अपोलो-13मध्ये खरोखर घडलं होतं. मुख्य यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे चौकोनी, चांद्रयानातले गोल. पोर्ट जुळत होते, माणसं इकडून तिकडे गेली, हवा मात्र जुळेना. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांवर काम भागवावं लागलं. सांधा जुळणं म्हणजे दोन कडी एकमेकांत बसणं एवढंच नाही. त्यातून काय काय पलीकडे जाणार आहे, त्या प्रत्येकाचं माप जुळायला हवं.

*

त्याची दुसरी बाजू: पलीकडे जे जाऊ नये तेही जातं. जोडल्याबरोबर दोन यानं खेळाच्या लेखी एक होतात. ओढून नेणाऱ्या टप्प्याचं इंजिन पेटवलं की ते पोर्टमधून उतरणाऱ्या यानाचंही इंधन पिऊन टाकतं. मुनजवळ पोचल्यावर उतरायच्या टाक्या अर्ध्या. म्हणून पोर्टवरचा इंधनप्रवाह बंद करावा, आणि शिवाय टाक्यांनाही कुलूप घालावं. मोनोप्रोपेलंटच्या टाक्यांनाही. दोन यानांच्या टप्प्यांच्या याद्याही एकत्र होतात आणि त्यांचा क्रम विस्कटतो. जोडणीनंतर यादी तपासण्याआधी, पुढचा टप्पा सोडणाऱ्या स्पेसबारला हात लावू नये. कुठल्या पॅराशूटचा, कुठल्या डिकपलरचा नंबर आधी लागेल याचा नेम नाही.

*

सुट्या भागांच्या यानाला वस्तुमानकेंद्र एक नसतं. भरलेलं, रिकामं, जोडलेलं, सुटलेलं, प्रत्येक अवस्थेचं वेगळं. कक्षेत यान आडवं सरकवायचं असतं तेव्हा थ्रस्टरचा जोर या केंद्रातून गेला पाहिजे. नाहीतर सरकण्याऐवजी ते वळतं, मग एसएएस (यान स्थिर ठेवणारी यंत्रणा) ते वळण सुधारायला लागतं आणि दोघं मिळून मोनोप्रोपेलंट संपवतात. यान बांधायच्या कारखान्यात टाक्या हाताने रिकाम्या करून केंद्राची पिवळी खूण कुठे सरकते ते पाहावं, आणि थ्रस्टरच्या चौकड्या दोन टोकांना अशा लावाव्यात की खूण कायम त्यांच्यामध्ये राहील. जो भाग कधीही एकटा उडणार असेल त्याला स्वतःच्या चौकड्या हव्यात. जो उडणार नाही त्याला एकही नको. इथे मोह फार होतो.

*

आणि ‘इथून नियंत्रण’. पोर्टवर उजवी कळ दाबून हा पर्याय निवडला नाही तर नॅव्हबॉल (पडद्यावरचा दिशादर्शक गोळा) कुपीच्या दृष्टीने दिशा दाखवत राहतो. पोर्ट बाजूला लावलेला असेल तर समोर म्हणजे समोर नव्हेच.

*

लांब यानं डोलतात. चार-पाच भाग छोट्या पोर्टांनी जोडून मागून जोर लावला की सगळी माळ गारुड्यापुढच्या नागासारखी. त्याचं मूळ खेळाच्या मांडणीतच आहे. प्रत्येक भाग दुसऱ्या एकाच भागाला लटकलेला असतो. फांद्या फुटतात, पण वेटोळं पूर्ण होत नाही. अपवाद दोनच. एक, आधाराचे ताण. दुसरा, पोर्ट. तीन पोर्ट शेजारी शेजारी लावून समोरच्या तिघांना एकदम भिडवले तर तिन्ही धरतात आणि सांधा ताठ होतो. मात्र अंतरं तंतोतंत सारखी हवीत, म्हणून दोन्ही बाजू कारखान्यात समोरासमोर जोडूनच बांधाव्यात. दुसरा उपाय जास्त सोपा: इंजिन मागे न लावता पुढे लावून ओढत न्यायचं. दिसायला विचित्र, पण ओढलेली माळ सरळ राहते.

*

1.12 या आवृत्तीत (2021) जोडल्यानंतर पोर्ट फिरवण्याची सोय आली. त्याआधी सौरपट्ट्या तिरक्या बसलेली स्थानकं लोक तशीच वापरत. मला ती तिरकी स्थानकं जास्त खरी वाटत.

*

इस्रोच्या स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगाच्या बातम्या या छंदामुळे वेगळ्या वाचल्या गेल्या. 30 डिसेंबर 2024 रोजी पीएसएलव्ही-सी60 वरून दोन उपग्रह गेले, प्रत्येकी 220 किलोच्या आसपास, 475 किलोमीटरच्या कक्षेत. दोघांचे सांधे एकसारखे, नर-मादी भेद नसलेले; खेळातल्या पोर्टांचंही तेच. फरक वेगाचा. खेळात सेकंदाला 20-30 सेंटिमीटरने भिडलं तरी हळू म्हणतात. इस्रोने ठरवलेला वेग सेकंदाला 10 मिलिमीटर. आणि थांबे किती! 5 किलोमीटर, दीड किलोमीटर, 500 मीटर, 225, 15, 3. प्रत्येक ठिकाणी थांबून मगच पुढे. तारीख पुढे ढकलली गेली, एकदा 3 मीटरपर्यंत जाऊन उपग्रह मागे आणले, तेव्हा आजूबाजूला ‘फसलं वाटतं’ असा सूर होता. ज्याने नॅव्हबॉलवरच्या दोन खुणा एकमेकींवर बसवण्यात रात्र घालवली आहे, त्याला मागे सरकणं हा कौशल्याचा भाग वाटतो. 16 जानेवारी 2025 रोजी ते जोडले गेले. मला त्याहून 13 मार्चची उत्सुकता होती, त्या दिवशी ते सुटले. जोडलेलं सुटलंच नाही तर तो सांधा नव्हे, डाग दिलेला जोड.

*

चंद्रावरची माती आणायच्या इस्रोच्या चांद्रयान-4 मोहिमेचा आराखडा मी खेळात बांधतो आहे. पाच भाग, दोन एलव्हीएम-3 रॉकेटांवर. रेघा सुंदर पडतात: प्रणोदन भाग, उतरणारा, चढणारा, परत आणणारा, वातावरणात शिरणारा. पृथ्वीच्या कक्षेत एक जोडणी, चंद्राच्या कक्षेत दुसरी. चढणाऱ्यातून माती परतणाऱ्यात गेली की चढणाऱ्याचं काम संपतं.

या दुसऱ्या जोडणीपाशी खेळ आणि वास्तव वेगळे होतात. खेळात तिची गरजच नाही. कर्बल दार उघडून बाहेर येतो, नमुने काढून घेतो, पाठीवरच्या थ्रस्टरने पलीकडे तरंगत जातो आणि दुसऱ्या यानात शिरतो. दोन यानं पन्नास मीटरवर उभी असली तरी चालतं. जानेवारी 1969मध्ये सोयूझ-4 आणि सोयूझ-5 जोडली गेली तेव्हा सांध्यातून जायला वाटच नव्हती. येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह अंतराळपोशाख घालून बाहेरूनच एका यानातून दुसऱ्यात गेले. चांद्रयान-4मध्ये माणूस नाही. मातीला स्वतःहून दार उघडता येत नाही, म्हणून तिथे पोर्ट हवा. मी माझ्या यानातली कुपी काढून टाकली आहे.