उन्हाचा रोजमेळ

2023 च्या दिवाळी पाडव्याला सांगलीतील एका हळदीच्या पेढीवर नेहमीप्रमाणे वहीपूजन झाले. पेढीचा हिशेब आता संगणकात असतो. तरीही लाल कापडी बांधणीची एक वही पूजेसाठी आणली जाते, तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि पुढे वर्षभर ती कपाटात कोरीच राहते. त्या वर्षी ती कपाटात गेली नाही. पेढीचे निवृत्त मालक, ज्यांना घरातले आणि बाजारातलेही अण्णा म्हणतात, त्यांनी ती काखेत धरली आणि ते मागच्या परसात जाऊन बसले.

"अण्णा, ती पेढीची वही आहे," थोरले चिरंजीव म्हणाले.

"पेढीचं सगळं तुमच्या संगणकात आहे. हिच्यात उन्हाचं लिहायचं आहे."

परस दक्षिणोत्तर 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद. उत्तरेला घराची मागची पडवी, पश्चिमेला शेजारच्या जुन्या वाड्याची भिंत. पूर्व आणि दक्षिण या दोन बाजू मोकळ्या होत्या तोवर तेथे अक्कांचे, म्हणजे अण्णांच्या पत्नीचे, राज्य होते. गावठी गुलाब, मोगरा, जास्वंद आणि हिवाळ्यात शेवंती. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात या परसात पाणी साचून राहिले; पण गाळ उपसल्यावर मोगरा पुन्हा फुटला होता. अक्का त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. पुढच्या वर्षभरात पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या जागांवर चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि पुराने जे केले नव्हते ते सावलीने केले. गुलाब एकाएकी मरत नाही. आधी कळ्या कमी होतात, मग फांद्या उजेडाच्या शोधात किरट्या वाढतात, दोन पानांमधले अंतर वाढत जाते. घरच्यांना वाटते, झाड उंच होत आहे. त्या समजात एक वर्ष गेले.

चिरंजिवांचे म्हणणे अवाजवी नव्हते. बाहेरच्या गोदामाचे भाडे दरवर्षी वाढते आणि घरामागे 600 चौरस फूट जागा ओसाड पडली आहे. वर पत्रा घातला, खाली कोबा केला, की हंगामातली जादा पोती तेथे सहज राहतील. अण्णांनी नाही म्हटले नाही. त्यांनी पुढच्या पाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली. "आपल्याकडे नेमका माल किती आहे, हे पाहिल्याशिवाय दुकान मोडायचं नसतं," एवढेच ते म्हणाले. येथे माल म्हणजे उजेड, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

सावलीसाठी झाडे हवीत असे रोपवाटिकेत सांगितले, की समोर दहा कुंड्या मांडल्या जातात. पण सावली कसली, हे सहसा कोणी विचारत नाही. आंब्याखालची सावली वेगळी, इमारतीमागची वेगळी आणि छपराखालची तर अगदीच निराळी. तिची पारख करायला यंत्र लागत नाही. दुपारी जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरावा. सावलीची कड धारदार दिसली तर तेथे भरपूर उजेड आहे. बोटे पुसट दिसली तर मध्यम. काहीच उमटले नाही तर ती जागा झाडांची नव्हे. अण्णांनी परसाचे पाच-पाच फुटांचे पट्टे आखले. दर तासाला पडवीतून उठून ते कोणत्या पट्ट्यात ऊन आहे ते पाहत आणि जमेच्या बाजूला लिहीत.

लिहिण्यासारखे सुरुवातीला काहीच नव्हते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारी गेला. जमेला रोज शून्य. सूनबाई चहा घेऊन येत, वहीत डोकावत आणि न बोलता परत जात. चिरंजिवांनी एकदा पत्रेवाल्याकडून दर मागवून ठेवले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पडवीच्या पायरीला लागून चार बोटे रुंदीची उन्हाची पट्टी उमटली. आठवड्याने ती दोन फूट दक्षिणेकडे सरकली होती. मग ती सरकतच राहिली.

याचे कारण आकाशात आहे. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 17 अंशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम 50 अंश वर चढतो. 45 फूट उंचीच्या इमारतीची सावली तेव्हा 38 फूट लांब पडते, म्हणजे सारे परस ओलांडून पडवीत येते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेची इमारत कितीही उंच असली तरी दुपारचे ऊन अडवू शकत नाही. ज्या परसात ऊन येत नाही असे सारे घर म्हणत होते, तेथे वर्षातून काही महिने दोन-अडीच तास ऊन येत होते. फक्त ते येत होते भर दुपारचे, आणि तेही बहुतांशी उन्हाळ्यात. आणखी एक जमा बाजू अण्णांना उशिरा दिसली. पूर्वेच्या इमारतीचा रंग पांढरा आहे. दुपार कलली की ऊन तिच्या वरच्या मजल्यांवर पडते आणि तेथून परावर्तित होऊन खाली परसात उतरते. ज्या भिंतीने सकाळ नेली, तीच थोडा उजेड परत करीत होती.

हे सारे समजण्याआधी अण्णांची एक चूक होऊन गेली होती. मार्चमध्ये त्यांना धीर धरवला नाही. दक्षिणेच्या भिंतीच्या पायथ्याशी चार महिने ऊन आले नव्हते, म्हणून त्यांनी तेथे नेच्यांच्या आणि कॅलॅथियाच्या डझनभर कुंड्या आणून मांडल्या. एप्रिल बरा गेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाची पट्टी त्या पायथ्याशी पोहोचली आणि पाच दिवसांत कॅलॅथियाची पाने कडेने कागदासारखी जळाली. चाळीस वर्षे बाजार पाहिलेल्या माणसाने अर्ध्या वर्षाच्या आकड्यांवर माल भरला होता. त्या दिवशी वहीत नावे बाजूला रक्कम पडली आणि त्यापुढे कोणतीही सबब लिहिलेली नाही.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. आग्नेय कोपऱ्यात जुने न्हाणीघर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीलगत एक मातीची कुंडी कित्येक महिने रिकामी पडून होती. सूनबाईंनी ती उलटी करायला घेतली, तर मातीतून बोटभर जाडीचा, पान नसलेला हिरवा दांडा वर आलेला. आठ दिवसांत त्यावर शेंदरी-लाल तंतूंचा भरगच्च चेंडू फुलला. ती फुटबॉल लिली होती. अक्कांनी माहेराहून तिचा कंद आणला होता. हे झाड हिवाळ्यात पूर्ण नाहीसे होते, वळवाच्या सुमारास आधी फूल येते आणि मग पाने. कडक ऊन त्याला नकोच असते. गुलाबाच्या दिवसांत ते कोपऱ्यात ढकलले गेले होते, म्हणून कोणाच्या लक्षात नव्हते.

"मामंजी, हे एवढं सासूबाईंचं राहिलं," सूनबाई म्हणाल्या. अण्णांनी कुंडी उचलून कट्ट्यावर उंच ठेवली. उंच एवढ्याचसाठी, की कंद विषारी असतो आणि नात सध्या दिसेल ते तोंडात घालते.

नातीमुळे निवडही बरीच सोपी झाली. डायफेनबाखिया, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली, मनीप्लँट ही सावलीची प्रसिद्ध मंडळी सगळी अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात आणि चावल्यास तोंड सुजते. ती दोन वर्षांपुरती बाद झाली. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पानेही अण्णांनी टाळली. पानाचा पांढरा भाग हरितद्रव्यावाचून निकामी असतो. कमी उजेडात असे झाड दुबळे राहते. साध्या गर्द हिरव्या पानाला देखणेपणा कमी असेल, पण उजेडाच्या तुटीत तेच तग धरते. घरात कीटकनाशक फवारायचे नाही हा अक्कांपासूनचा दंडक असल्याने कीड फार लागणारे काही घ्यायचे नव्हते. पावसाळ्यातल्या गोगलगायी पानावर घेऊन मागच्या ओढ्याकाठी सोडण्याचे काम नातवाकडे आले आणि त्याने ते अपेक्षेपेक्षा अधिक उत्साहाने केले.

जून लागला तसे लावणे सुरू झाले. पडवीलगतच्या पट्ट्यात ऊन लवकर येते आणि उशिरा जाते, म्हणून तेथे अबोली. तिला अर्धवट सावली मानवते आणि वेणीपुरती फुले बहुतेक वर्षभर मिळतात. न्हाणीचे पाणी मुरते त्या ओलाव्यात सोनटक्का; पावसाळा सरताना त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. जळालेले नेचे पुन्हा फुटले, त्यांना पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला नेले. कॅलॅथिया काही वाचले नाही.

भिंतीवर काय चढवावे याचे उत्तर मात्र रोपवाटिकेत मिळाले नाही, ते पानमळ्यात मिळाले. मिरज तालुक्यातल्या पानमळ्यांतून नागवेल शेवरी-शेवग्याच्या सावलीत वाढवतात, हे अण्णांनी येता-जाता आयुष्यभर पाहिले होते. पण आपल्या परसाचा आणि त्याचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याने बेण्याचे चार तुकडे देताना सांगितले, "अण्णा, हिला उजेड पाहिजे, ऊन नको. वारं तर अजिबात नको. आणि पाणी साचू देऊ नका." चारांपैकी तीन वेल लागले. शेतकऱ्याचे शेवटचे वाक्य सावलीतल्या प्रत्येक झाडाला लागू पडते. सावलीत माती लवकर सुकत नाही, मुळेही कमी पाणी ओढतात, आणि आपण मायेने रोज तांब्या ओततो. सावलीतली झाडे अंधारापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. अण्णा मातीत बोट घालून पाहत. पेरभर खाली ओल लागली तर तांब्या परत जाई.

मधल्या मोकळ्या पट्ट्यासाठी पेढीवरच्या जुन्या हमालाने हळद सुचवली. "आंब्याखाली येते, इथं का येणार नाही?" अण्णांना हसू आले. ते म्हणाले, "आपण ती खणून काढणार नाही. मग लावायची कशाला?"

"खणू नका की. राहू दे तशीच. पानं वाळली की जाईल, पाऊस आला की येईल."

हळदीचे असेही एक आयुष्य असते, याचा विचार चार दशके तिचा व्यापार केलेल्या माणसाने कधी केला नव्हता. हळकुंडाचा रंग, वजन, मोडल्यावरचा आवाज, हरिपूरच्या पेवांत जमिनीखालच्या अंधारात ती कशी टिकत असे, हे सारे त्यांना तोंडपाठ. दहा-बारा कंद लावले गेले.

2024 चा पाडवा आला. वही भरली होती. अण्णांनी ती चिरंजिवांपुढे ठेवली आणि आग्नेय कोपऱ्याचे पान स्वतःच उघडून दिले. न्हाणीघराच्या छपराखालच्या त्या जागेत वर्षभरात एकाही दिवशी जमा नव्हती. पंज्याची सावलीही तेथे कधी उमटली नव्हती. "इथं काही जगायचं नाही. न्हाणी दुरुस्त करून घ्या, बारदान ठेवायला होईल." चिरंजिवांना गोदाम हवे होते, बारदानाची खोली नव्हे. ते थोडे खट्टू झाले. पण महापुरात परसातले पाणी कुठवर चढले होते, त्याची रेघ पश्चिमेच्या भिंतीवर अजून दिसते, आणि नागवेल नेमका तिच्यावरून चढला आहे. त्यांनी ती रेघ पाहिली, मनाशी पोत्यांची उंची धरली आणि पत्रेवाल्याला फोन करून न्हाणीपुरताच दर विचारला. बाहेरच्या गोदामाचे भाडे अजून चालू आहे.

जानेवारीत हळदीची पाने वाळून गेली. मे अखेरीस वळीव झाला आणि जूनमध्ये जमिनीतून हिरवी टोके वर आली. दुसऱ्या वर्षी ठोंब दाट झाला. सप्टेंबरमध्ये एका रविवारी चिरंजीव परसात उभे राहून फोनवर बोलत होते. बोलता बोलता ते वाकले. रुंद पानांच्या मधोमध फिकट हिरव्या पाकळ्यांचा कणसासारखा तुरा आला होता, वरची टोके गुलाबीसर, आणि खालच्या खोबणींतून छोटी पिवळी फुले डोकावत होती. त्यांनी फोन बंद केला.

"अण्णा, हे कसलं फूल?"

पडवीतून उत्तर आले, "आपलाच माल."