तीन किलोवॅट आणि एक थकलेलं बिल

शाळेच्या स्लॅबवर पॅनल बसले, नारळ फुटला, देणगीदाराच्या नावाचा फलक लागला, फोटो निघाले आणि वर्गातला एकही पंखा फिरला नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हे घडलं. प्रस्तुत लेखक तेव्हा त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक-सदस्य होता. मार्च महिना, दहा वाजताच तापलेलं ऊन, वर तीन किलोवॅटचा कोरा संच आणि खाली चौथीच्या मुली वहीनं वारा घेत बसलेल्या. ते आठवलं की आजही चीड येते.

शाळा साधीच. पट सत्तरीच्या आसपास, शिक्षक तीन. दिवाळीनंतर निम्मे पालक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून सौर संच मंजूर झाला. 2013च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं आणि तेव्हापासून शाळांच्या छतांवर असे संच दिसू लागले. त्यात नवल काही नाही.

नवल पुढे आहे. संच ग्रीडला जोडायचा होता, म्हणजे बॅटरीशिवायचा. अशा संचाचा इन्व्हर्टर आधी तारेतून येणारी वीज शोधतो, तिचा दाब आणि वारंवारता पकडतो आणि मगच पॅनलची वीज तिच्यात मिसळतो. तारेत वीज नसेल तर तो स्वतःहून बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. शाळेच्या तारेत वीज नव्हती. थकबाकीपोटी मीटर केव्हाच काढून नेलं होतं.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञानं हे मुख्याध्यापिकांना सांगितलं तेव्हा तिथं उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, ऊन तर आपलंच ना? मग त्याला कुणाची परवानगी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. तंत्रज्ञाचं म्हणणं मात्र खरं होतं. खांबावर दुरुस्तीला चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावतो. त्या वेळी एखाद्या छतावरून वीज तारेत शिरली तर माणूस जागीच जाईल. म्हणून इन्व्हर्टरमध्ये ती सोय केलेली असते, आणि ती असायलाच हवी.

पण वीज नसलेल्या शाळेत ग्रीडचा संच आलाच कसा? शाळांची निवड तालुक्याहून आलेल्या यादीवरून झाली होती आणि त्या यादीत या शाळेपुढे 'वीजजोडणी आहे' असं लिहिलेलं होतं. जोडणी होतीही. भिंतीवर मीटरची रिकामी लाकडी फळी होती, खांबावरून आलेली सर्व्हिस वायर लोंबत होती. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीनोंदीत जोडणी असणं आणि ती चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात. यादी करणाऱ्यानं पहिली पाहिली, दुसरी पाहिली नाही. पाहणीला आलेल्या माणसानं छत मोजलं, सावली कुठं पडते ते पाहिलं, स्लॅबची ताकद विचारली. मीटर कुठं आहे, हे विचारलं नाही. लाख-दीड लाखाच्या वर किंमत असलेला संच बसवण्याआधी शेवटचं वीजबिल मागायला किती वेळ लागतो?

थकबाकी चाळीस हजारांच्या घरात होती. ती का साचली, हे मुख्याध्यापिकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. समग्र शिक्षा अभियानातून 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर जायला हवा. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, दाराची कडी, रंगरंगोटी आणि वीजबिल. ही रक्कमही आमच्या शाळेच्या हाती वर्ष सरताना पडायची. मे महिन्यात शाळा बंद असली तरी बिलातला स्थिर आकार चालूच. भरणा लांबला की व्याज. एके काळी तर शाळा व्यापारी दराच्या वर्गात होत्या. 2012 साली राज्य वीज नियामक आयोगानं 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग केला, पण जुनी थकबाकी त्यामुळे पुसली गेली नाही.

मग सुरू झाली ती पायपीट. वीज कंपनीच्या कार्यालयात सांगितलं गेलं, आधी थकबाकी, मग नवीन जोडणी, मग नेट मीटरचा अर्ज. पंचायत समितीत कळलं की जुन्या वीजबिलासाठी तरतूद नाही. ग्रामपंचायतीचं म्हणणं, शाळा जिल्हा परिषदेची, बिल आम्ही का भरावं? देणगीदार कंपनीच्या प्रतिनिधीनं दिलगिरी व्यक्त केली, पण मंजूर निधी संचासाठी होता, तो थकबाकीला वापरता येत नव्हता. बसवणाऱ्या ठेकेदारानं काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर सही मागितली. बाईंनी सही दिली नाही. इन्व्हर्टर सुरू झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी लिहून देणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वरून फोन आले, तरी त्या बधल्या नाहीत. या सगळ्या प्रकरणात सर्वांत धीराचं कृत्य कोणतं असेल तर ते हे, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. सही झाली असती तर कागदोपत्री ती शाळा त्याच दिवशी सौरशाळा झाली असती.

यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात आपापल्या नियमाचा कागद होता. फक्त त्या चाळीस हजारांचा धनी कुणीच नव्हता.

याच काळात शाळेला लागून असलेल्या एका घरावरही संच बसला. प्रधानमंत्री सूर्यघर योजना 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाली, एक कोटी घरांसाठी, 75,021 कोटी रुपयांची. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला तिच्यात 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं, आणि ते थेट खात्यात जमा होतं. त्या कुटुंबाला ते मिळालं, याचा आनंदच आहे. पण भिंतीपलीकडच्या शाळेच्या तेवढ्याच संचाला त्या योजनेतून एक रुपया नाही. सरकारी इमारतींची छतं सौर संचांनी भरायची, हे उद्दिष्ट त्याच योजनेत आहे. अनुदान मात्र निवासी ग्राहकांना. शाळेनं पैसे कुठून आणायचे? जिल्हा नियोजन समितीकडून, महाऊर्जाच्या एखाद्या योजनेतून, नाहीतर देणगीतून. म्हणजे कुणीतरी मनावर घेतलं तर. दुपारी ऊन असताना ज्या इमारतीत माणसं बसलेली असतात ती इमारत शाळेची. तिला या अनुदानाबाहेर ठेवणं अन्यायाचं आहे.

आता हिशेब पाहा. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तीन किलोवॅटचे झाले बारा युनिट. या शाळेत आठ पंखे, एक टीव्ही, दोन संगणक. सहा तास सगळं चालवलं तरी पाचेक युनिटांच्या वर खर्च जात नाही. सह्याद्रीच्या कडेला जुलै-ऑगस्टमध्ये ऊन दिसत नाही, तेव्हा उत्पादन बरंच घटतं. पण नेट मीटरचं वर्ष एप्रिल ते मार्च धरलं जातं. उन्हाळी सुट्टीत, शाळा बंद असताना तयार झालेली युनिटं खात्यावर जमा होतात आणि पावसाळ्यात वजा होतात. शाळेसाठी याहून सोयीची रचना शोधूनही सापडणार नाही. मीटर मात्र हवं.

शेवटी थकबाकी भरली ती पालकांनी. द्राक्षछाटणीची, खुडणीची मजुरी घेऊन लोक परतले आणि ग्रामसभेनंतर वर्गणी जमली. कुणी शंभर, कुणी पाचशे दिले, एका विधवा आजीनं कोंबड्या विकून आलेले पैसे दिले. उरलेली भर तिन्ही शिक्षकांनी पगारातून घातली. प्रस्तुत लेखकाचा याला विरोध होता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण हा 2009च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्या शाळेचं वीजबिल रोजंदारीवर जगणाऱ्यांनी का भरायचं? तो प्रश्न अजून तसाच आहे.

आणि तरीही, मीटर लागून संच सुरू झाल्यावर पुढे जे दिसलं ते सांगायलाच हवं. वर्गणी दिल्यापासून ते पॅनल गावाचे झाले. धूळ बसली की आया पाळीपाळीनं वर चढून सकाळच्या गारव्यात पाणी मारतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं काम सातवीतली पोरं न सांगता करतात. स्लॅबवर दगड मारणारी मुलं आता वानरांना हाकलतात. फुकट मिळालेल्या संचावर असं प्रेम जडलं असतं का, हे सांगता येत नाही. आयआयटी मुंबईच्या सौर अभ्यासदिव्यांच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून दिव्यामागे 120 रुपये घेतले जात आणि दिवे जोडायचं, दुरुस्त करायचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं जाई. त्यामागचा विचार आता अधिक पटतो. सातारा जिल्ह्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं, तिथंही घरांबरोबर शाळा आणि ग्रामपंचायत सौर विजेवर आली. गावानं मिळून केलेलं काम टिकतं. पण म्हणून सरकारनं हात झटकावेत, असं नाही.

लाइन गेली की पंखे आजही थांबतात. पालक बॅटरी मागतात. संपूर्ण शाळेसाठी बॅटरी नको, असं इथं स्पष्ट सांगावंसं वाटतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला वेळेवर डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि चार-पाच वर्षांनी ती बदलावीच लागते. तो खर्च पुन्हा त्याच पंचवीस हजारांत बसवायचा. जिथं वीज रोज तासन्‌तास जाते तिथं हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा आणि दोन पंखे, एक टीव्ही चालेल एवढीच लहान लिथियम बॅटरी जोडावी.

आपल्या गावच्या शाळेला सौर संच द्यावा असं मनात असलेले माजी विद्यार्थी, कंपन्या, मंडळं पुष्कळ आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणजे तेवढ्याच देणगीत थोडं अधिक साहित्य येतं. त्यांना एवढीच विनंती: शाळेत गेल्यावर आधी मीटर पाहा आणि गेल्या तीन महिन्यांची बिलं मागा. थकबाकी असेल तर ती देणगीत धरा, नेट मीटरचं शुल्क धरा, पाच वर्षांच्या देखभालीचा करार ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि त्याची एक प्रत व्यवस्थापन समितीकडे ठेवा. पैसे पुरत नसतील तर तीनऐवजी दोन किलोवॅटचा संच द्या, पण चालू करून द्या.