भोकं पडलेल्या नकला

रेड-५ या अनेक डिस्कांच्या ॲरेमधली एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, आणि घोटाळा तिथेच होतो. ऑफिसातला माणूस नवी डिस्क घालतो, रिबिल्ड लावतो आणि घरी जातो. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं. त्याही बहुधा त्याच खेपेतल्या, तितक्याच झिजलेल्या. कुणी कधी न उघडलेल्या फायलीखालचा खराब सेक्टर नेमका त्या रात्री आडवा येतो. साधी डेस्कटॉपची डिस्क त्याच्याशी बराच वेळ झगडत बसते. कंट्रोलरला तेवढा धीर नसतो. दुसरी डिस्क बाहेर, ॲरे बंद.

डेटा वाचवायला माझ्याकडे डिस्का येतात त्या तिथून पुढे. टकटक आवाज असेल तर मी वीजच देत नाही. ते काम क्लीनरूमवाल्यांचं. बाकीच्यांची आधी नक्कल, विचार नंतर. अंतोनियो दियास दियास यांचं जीएनयू डीडीरेस्क्यू २००४ पासून आहे, आणि ते पेपर सोडवणाऱ्या हुशार पोरासारखं चालतं: येतं ते आधी. अडलं की उडी मारून पुढे, मग उलट्या दिशेने. एकेक सेक्टर खरवडणं अगदी शेवटी, कारण डिस्क दगावली तर त्याच झटापटीत दगावते. काय हाती लागलं, काय राहिलं, ते मॅपफाइलमध्ये उतरत जातं. तिच्यात ठरावीक अंतराने पट्टे पडलेले दिसले, तर एखादं हेडच कमजोर झालंय असं समजावं.

खरी गंमत पुढे आहे. दोन डिस्कांच्या नकलांना न वाचता आलेल्या सेक्टरांची भोकं असली, तरी ती ॲरेच्या एकाच स्ट्राइपमध्ये क्वचित येतात. एकीचं भोक मग इतर सगळ्यांच्या एक्सॉरने भरता येतं. मात्र आधी बाहेर पडलेली डिस्क शिळी नको. अलार्म बंद करून महिनोन्महिने तशीच चालवलेली ॲरे असेल, तर त्या डिस्कची मदत फारशी नाही. सुपरब्लॉकमधला इव्हेंट काउंट ते सांगतोच. फोर्स असेंबल असो की एफएसचेक, सगळे प्रयोग नकलेवर. मूळ डिस्का कपाटात.

गिऱ्हाईक विचारतं, किती टक्के मिळेल? टक्क्यांत अर्थ नाही. तेच चार केबीचं भोक लग्नाच्या व्हिडिओत पडलं तर कळतही नाही, आयनोड टेबलात पडलं तर फोल्डरच्या फोल्डर बेवारस. मी उलट विचारतो, आधी काय हवंय? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: टॅली.