जाळरेषेवरची सायकल

उन्हाळा जवळ आला की वनखातं डोंगरात जाळरेषा काढतं. वाळलेलं गवत, घाणेरीची झुडपं, पालापाचोळा कापून-जाळून एक लांब पट्टा मोकळा केला जातो. एका अंगाला वणवा लागला तर आग या पट्ट्यापाशी येऊन अडते, निदान विझवणाऱ्यांना उभं राहायला जागा मिळते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. काम त्याआधी उरकावं लागतं. कळवण तालुक्यात आम्ही जी थोडी माणसं जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरात जातो, त्यांच्या वाटा या जाळरेषांनीच दिलेल्या आहेत. आमच्यासाठी वेगळा ट्रॅक कुणी बांधला नाही आणि आम्ही कधी मागितलाही नाही. रेषा साफ असली की सायकल जाते, नसली की जात नाही.

माझं कळवणमध्ये खतं-बियाण्यांचं दुकान आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात सायकलीचं वारं आलं, त्यात मीही होतो. पण डांबरी रस्त्यावर माझा जीव रमला नाही. कांद्याचे ट्रॅक्टर, पिकअप, सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या गाड्या. सकाळी सहालासुद्धा रस्त्याची कड धरून चालवावं लागतं. नांदुरीच्या अलीकडे मोहनदरीच्या बाजूला वळलं आणि डोंगराच्या पोटाशी शिरलं की हे सगळं मागे राहतं. वर मोहनदर किल्ल्याच्या कातळातलं आरपार नेढं, समोर सप्तशृंगीचा कडा, त्याच्या शेजारी मार्कंड्या, पलीकडे रवळ्या-जवळ्या. मार्चमध्ये पळस फुललेला असतो, मोहाच्या फुलांचा वास पहाटे खालपर्यंत येतो. चढावर छातीचा भाता होतो खरा, पण अशा जागी दम लागण्यातही सुख आहे. साल्हेरला गर्दी होते, धोडपला होते. इथे गुराखी आणि लाकूडफाट्याला निघालेल्या बायांशिवाय कुणी भेटत नाही.

मग २०२० आलं. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने निर्णय काढला की त्या आर्थिक वर्षात विकासकामांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल. करोनाची साथ, राज्याचा महसूल आटलेला, दवाखान्यांना पैसा हवा होता. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण अशा वेळी कात्री कुठे आधी लागते हे मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही ज्या रेषेवरून जायचो ती त्या हिवाळ्यात निघाली नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, निधी नाही. पुढच्या वर्षी ती निघाली, पण अर्धीच, आणि उशिरा.

अशा वाटेचं एका वर्षात काय होतं, हे सायकलवाल्याला पायी चालणाऱ्यापेक्षा लवकर कळतं. घाणेरी दोन्ही बाजूंनी आत सरकते आणि हँडलच्या रुंदीइतकी जागाही उरत नाही. त्याहून वाईट पाणी. रेषा उतारावर असते, त्यामुळे पावसाचं पाणी तिच्यावरूनच धावतं. म्हणून जाणते मजूर ठरावीक अंतरावर रेषेला आडवा, जरासा तिरका चर घेतात. पाणी तिथून बाजूला उतरतं. चर गाळाने भरला आणि कुणी उपसला नाही, की पाणी सरळ खाली येतं, मुरूम वाहून नेतं आणि वाटेच्या मधोमध घळ पडते. वरून गवत वाढलं की ती दिसत नाही. आमच्यातल्या एकाचं पुढचं चाक उतारावर अशाच घळीत अडकलं, तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. मोबाइलला रेंज नव्हती. त्याला धरून आम्ही खाली रस्त्यापर्यंत चालत आणलं. तो बरा झाला, पण पुन्हा डोंगरात आला नाही.

रेषा निघाली नाही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो उतार पेटला. रेषा साफ नव्हती, आग तिच्यावरून सहज पलीकडे गेली. पाड्यावरची माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन रात्रभर झोडपत होती. आम्ही पोचलो तोवर खालचा साग काळा पडला होता आणि वनखात्याने लावलेली कोवळी रोपं संपली होती. आमची सकाळची फेरी बुडाली हे त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण दोन्ही नुकसानांचं मूळ एकच होतं, म्हणून ती एकत्र सांगतो.

रेषेवर हंगामी मजुरी करणारे एक काका आहेत. त्या वर्षी त्यांनाही काम मिळालं नाही, ते द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे गेले. परत आल्यावर म्हणाले, “भाऊ, रेघ एक साल सोडली ना, तर दुसऱ्या साली दुप्पट माणसं लागतात. मग साहेब म्हणतात, एवढा खर्च कसा?” कपातीचा हिशेब याहून नेमका मी कुठे ऐकलेला नाही. वाचवलेला पैसा पुढच्या वर्षी वाढून भरावा लागतो. तो भरला नाही की वाट जाते, आणि मग तिथे वाट होती हेच कागदावरून पुसलं जातं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. डोंगरी सायकलचा खेळ जन्मला तोच कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, वणवा विझवण्यासाठी काढलेल्या रस्त्यांवर. जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली दुरुस्त करून तिथल्या पोरांनी १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर शर्यत लावली. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं, दर खेपेला ते नव्याने भरावं लागायचं. २० वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. त्याच कॅलिफोर्नियाने २०११ साली पैसे नाहीत म्हणून राज्याच्या २७८ उद्यानांपैकी ७० बंद करण्याची यादी जाहीर केली. त्यात मरीनमधलं चायना कॅम्प होतं, सायकलवाल्यांचं अतिशय लाडकं. तिथल्या नागरिकांनी संस्था पुढे केली, पैसे उभे केले आणि २०१२ पासून उद्यान चालवायची जबाबदारी घेतली. ते बंद पडलं नाही.

चायना कॅम्पबद्दल वाचून आम्हीही वनरक्षकांना विचारून श्रमदान सुरू केलं. कोयते, कुदळी, घमेली घेऊन जातो, घाणेरी मुळापासून उपटतो, चर उपसतो. काका सोबत असतात आणि चराचा तिरकेपणा तेच ठरवतात. पण याला मर्यादा आहे. कापलेलं गवत जाळण्याचा अधिकार आम्हाला नाही, नसावाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. रविवारी मोकळी असणारी चार-सहा माणसं डोंगराची रेषा राखू शकत नाहीत. शिवाय आमच्या हौसेचं श्रमदान एखाद्याच्या मजुरीच्या आड येऊ नये, हेही मला महत्त्वाचं वाटतं. ते मजुरीचं काम आहे, त्याला दाम मिळालाच पाहिजे.

नव्या कामांचं वेगळं असतं. २०१८ पासून सप्तशृंगीवर ट्रॉली चालते. पायऱ्या न चढू शकणाऱ्या माणसांना तिने दर्शन घडवलं, ती हवीच होती. नव्या कामाचं उद्घाटन होतं, फोटो येतो. साफ ठेवलेल्या वाटेचा फोटो कोण काढणार? तिची आठवण डोंगर पेटल्यावर होते. देखभालीची कामं म्हणूनच आधी कापली जातात, आणि याच कारणासाठी ती सगळ्यात शेवटी कापायला हवीत.

देखभालीला पैसा गावातूनही उभा राहू शकतो. सगळा कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१५ पासून अशा क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि वनसंवर्धन, वन्यजीव पर्यटन ही कामं त्यात बसतात. कुठल्या कामाला पैसा द्यायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. जाळरेषेवर चार-पाच मजूर लावायचा खर्च गावाच्या एखाद्या स्वागतकमानीपेक्षा जास्त नसतो. तालुक्यातल्या सायकलवाल्यांना, आणि डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा आणि वनरक्षकांनाही बोलवा. आपल्या शिवारातल्या रेषेचं काम ठरावात घालून घ्या. गवत वाळायला लागतं तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर, मजूर रेषेवर दिसले पाहिजेत.