‘पित्त उठले’ म्हणण्यापूर्वी

अंगावर लाल गांधी उठल्या की आपण सहज म्हणतो, ‘पित्त उठले.’ मग आमसुलाचे पाणी चोळले जाते. त्या गारव्याने खाज थोडी शमते, हे खरे; परंतु यकृतात तयार होणाऱ्या पित्ताशी या गांधींचा काहीही संबंध नसतो.

संबंध असतो तो मास्ट पेशींशी. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांचे वर्णन केले. त्वचा, श्वसनमार्ग आणि आतडी यांत त्या पहारेकऱ्यांसारख्या वसलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनने भरलेले असंख्य कण असतात. एखादे औषध शरीराला शत्रू वाटले, तर त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन या पेशींवर बसून राहतात. ही तयारी निमूटपणे होते. रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. तेच औषध पुन्हा आले की ते या प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडते आणि काही मिनिटांत पेशी आपला साठा रिता करते. हिस्टामिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरतात. म्हणून गांधी उठतात. हेच सर्वांगात घडले तर श्वासनलिका आकसतात आणि रक्तदाब कोसळतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना दातदुखीसाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले होते. ‘हे मी मागेही घेतले आहे,’ असे ते म्हणाले आणि मी निश्चिंत झालो. थोड्याच वेळात त्यांच्या तळहातांना खाज सुटली, अंगावर गांधी आल्या. मी अ‍ॅलर्जीची गोळी दिली. ‘शौचाला जाऊन येतो,’ म्हणून ते उठले आणि दारातच कोसळले. खाली दवाखाना होता म्हणून मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत देता आले. ते वाचले, पण डॉक्टर असूनही मी आधी गोळीकडे वळलो, ही खंत आजही आहे.

गोळी हिस्टामिनची वाट अडवते, सुटलेले हिस्टामिन परत आत घालत नाही. घसरलेला रक्तदाब सावरते आणि श्वासनलिका मोकळ्या करते ते अ‍ॅड्रेनॅलिन.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. गांधींबरोबर धाप, घसा आवळणे, चक्कर किंवा पोटात मुरडा असेल, तर रुग्णाला आडवे झोपवा, पाय उंचावर ठेवा. धाप असल्यास पाय पसरून टेकून बसू द्या. पण उभे करू नका, चालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. अशा रुग्णांत अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहा, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

आणि ज्या औषधाने हे घडले त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. माझ्या वडिलांच्या खिशात ती चिठ्ठी अजूनही असते.