व्हॉल्यूम 42

आमच्या शिवऱ्याच्या घराला डोअरबेल आहे. झक्कास, चिमणीच्या आवाजाची! पण गेली दोन वर्षं ती घरात कुणालाच ऐकू गेलेली नाही. कारण आत अण्णांचा टीव्ही चालू असतो. व्हॉल्यूम 42.

अण्णा रिटायर झाले, पुण्यातला फ्लॅट आम्हाला दिला आणि आईला घेऊन गावी राहायला गेले. शिवरे काही लांब नाही. कात्रजचा बोगदा ओलांडायचा, खेड-शिवापूर मागे टाकायचं, की आलंच. तालुका भोर, पण गाव पुणे-सातारा हायवेला लागून. त्यामुळे दर शनिवारी आमची वरात तिकडे. दारात गाडी लावायची, बेल वाजवायची, मग दार वाजवायचं, मग आईच्या मोबाइलवर फोन. ‘अगं, दारात उभे आहोत!’

अण्णांना विचारलं, एवढा मोठा आवाज कशाला? उत्तर ठरलेलं. ‘हायवेचा आवाज येतो गं. ट्रकवाले झोपू देत नाहीत, टीव्ही काय ऐकू देणार?’ पटण्यासारखं होतं. आम्हीही कधी वाद घातला नाही.

यंदा दोन गोष्टी एकदम घडल्या. बोनस बरा मिळाला आणि गावच्या घराचं प्लास्टर नव्याने करायचं निघालं. माझी ट्यूब पेटली. भिंती उघड्या पडणारच आहेत, तर वायरी आत्ताच टाकून घेऊ. होम थिएटर! आणि तेही मल्टी-रूम. हॉलमध्ये सिनेमा, स्वयंपाकघरात गाणी, संध्याकाळी पडवीत काहीतरी शांत. एका रिसीव्हरवर सगळं घर. कॉलेजात असल्यापासूनचं स्वप्न म्हणा ना.

शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून समजावत होता. नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं. एचडीएमआयची वायर हातात घेऊन म्हणाला, ‘ह्याची टीव्हीची बाजू कुठली?’ (दोन्ही टोकं सारखीच असतात, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर ठीक आहे, तुम्हीही चांगले नवरे असाल.) त्यानंतर मुलगा माझ्याशी बोलायला लागला. डॉल्बी अ‍ॅटमॉस, छतातले स्पीकर, 11 चॅनेल, खोक्यावर भलेमोठे वॉट्स. मी पार विरघळले.

त्याच रात्री न्यू जर्सीच्या मामेभावाचा फोन. ‘इकडे सेल लागलाय. येताना घेऊन येतो, निम्म्या किमतीत!’ आता बोला!

सुदैवाने त्याआधी एका मित्राने वायरिंगवाल्या काकांचा नंबर दिला होता. काका तापकीर गल्लीत तरुणपणापासून अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेले. त्यांना भेटले, यादी दाखवली. त्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘घरात ऐकतं कोण? आणि कुठे बसून?’

मी गप्प. कारण शनिवार-रविवार सोडला, तर ऐकणारे दोघंच. अण्णा हॉलमध्ये, टीव्हीसमोर. आई स्वयंपाकघरात. आणि आई काय ऐकते? अण्णांचा टीव्ही! दुसरा पर्याय आहे का? पूर्वी तिच्या ओट्यावर रेडिओ असायचा. पुण्याचं मीडियम वेव्ह 792, एफएमवर विविध भारती 101, हे आकडे तिला दुधाच्या हिशेबासारखे तोंडपाठ. तो रेडिओ कधी बंद झाला, हे मला आठवेना. आईला विचारलं तर म्हणाली, ‘दोन आवाज एकदम नकोत घरात. डोकं उठतं.’

काका म्हणाले, ‘मग तुम्हाला मल्टी-रूम पाहिजे, पण सगळीकडे एकच गाणं वाजवणारं नको. प्रत्येक खोलीत वेगळं वाजवणारं पाहिजे.’

आणि इथे माझं शिक्षण सुरू झालं. तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सांगते.

रिसीव्हरवर 5.1 किंवा 7.2 लिहिलेलं असतं. पहिला आकडा स्पीकरच्या चॅनेलचा, दुसरा सबवूफरचा. आता गंमत बघा. 7.2 चा रिसीव्हर घ्यायचा आणि हॉलमध्ये पाचच स्पीकर लावायचे. उरलेले दोन चॅनेल सेटिंगमध्ये जाऊन ‘झोन टू’ला द्यायचे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराला! वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नको. मात्र हे प्रत्येक मॉडेलला जमत नाही. काहींमध्ये झोन टूसाठी नुसता प्री-आउट असतो. त्याला अ‍ॅम्प्लिफायर आपण जोडायचा. काहींमध्ये तोही नसतो. शिवाय बऱ्याच रिसीव्हरमध्ये एचडीएमआयवरून आलेला आवाज झोन टूला पोचतच नाही. रेडिओ, ब्लूटूथ, इंटरनेटवरची गाणी पोचतात. आम्हाला एवढंच हवं होतं. तुम्हाला टीव्हीही आतल्या खोलीत ऐकायचा असेल, तर खोक्यावरचे वॉट्स वाचण्याआधी मॅन्युअलमधलं झोन टूचं पान वाचा.

वॉट्सचीही मजाच. मोठा आकडा बहुतेक वेळा एकच चॅनेल चालवून मोजलेला असतो. दोन चॅनेल एकदम चालवून, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ मोजलेला आकडा शोधा. तो लहान असतो, पण खरा असतो. तसंही, वॉट्स दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो.

स्वयंपाकघर आणि पडवी एकाच जोडणीवर टाकायचा माझा प्लॅन काकांनी तिथेच मोडला. आठ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की रिसीव्हरला चारच ओम दिसतात. सगळ्यांना ते झेपत नाही. डबा तापतो, बंद पडतो. पडवी पुढच्या वर्षी.

मग वायरलेस का नाही? हीओस, म्युझिककास्ट अशी छान सोय आता रिसीव्हरमध्येच येते. पण आमच्या जुन्या भिंती दगडी, जाड. हॉलमधलं वाय-फाय ओट्यापर्यंत पोचेपर्यंत दमून जातं. शिवाय आईने गाणी लावायला आधी फोन शोधायचा, मग चष्मा शोधायचा, मग अ‍ॅप? नाही चालणार. प्लास्टर उघडं आहे तोवर वायर टाकणं सगळ्यात स्वस्त. चाळीसेक फुटांपर्यंत 16 गेज पुरते, पुढे 14. वायर अस्सल तांब्याची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. पाइप लाइटच्या पाइपपासून वेगळा. आणि ओट्याच्या बाजूला भिंतीत एक गोल बटण, फक्त आवाज कमी-जास्त करायला. पिठाच्या हाताने फिरवता येईल असं.

राहिला मामेभाऊ. काका हसले. ‘तिकडचा रिसीव्हर 120 व्होल्टचा. इथे 230. ट्रान्सफॉर्मर लागेल, वॉरंटी मिळणार नाही. आणि विविध भारती लावून दाखवा!’ म्हणजे काय? तर अमेरिकेतल्या एफएमच्या स्टेशनांना दशांशाचा आकडा विषम असतो आणि ट्यूनर 0.2 च्या उड्या मारतो. पुण्यातलं 98.3 लागेल, 93.5 लागेल, 101.0 वर तो थांबणारच नाही. मीडियम वेव्हवर तिकडे दहाचा पाढा, आपल्याकडे नऊचा. 792 नवाच्या पाढ्यात बसतं, दहाच्या नाही. काही मॉडेल्समध्ये हे बदलायची सोय असते, पण तिच्या भरवशावर सात समुद्र ओलांडून डबा आणायचा? मामेभावाला म्हटलं, तू आपला चॉकलेटंच आण!

तर रिसीव्हर ठरला. 7.2, झोन टूला स्वतःचा पॉवर देणारा, एफएम असलेला, भारतातल्या वॉरंटीचा. छतातले स्पीकर रद्द. वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर घातले, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. मला वाटलं, चला, विषय संपला.

संपला नव्हता.

स्पीकर बसवले त्या रविवारी काका शिवऱ्याला आले. जेवण झालं. मग त्यांनी ट्वीटर तपासायला फोनवरून एकेक सूर सोडायला सुरुवात केली. 500 हर्ट्झ. आम्ही सगळे हॉलमध्ये. अण्णा त्यांच्या खुर्चीत, कौतुकाने मान डोलावत. 1000. 2000. मग 4000. आईने कानांवर हात ठेवले. ‘बाई बाई, किती कर्कश!’

अण्णा म्हणाले, ‘थांबवलं का?’

काकांनी एकदा अण्णांकडे बघितलं. आवाज थोडा वाढवला. माझ्या दातांतून कळ गेली. अण्णा शांतपणे स्पीकरकडे बघत होते. ‘लावा की. लाइट गेली का?’

काकांनी सूर बंद केला. ‘स्पीकर एकदम ओके आहेत,’ एवढंच म्हणाले. कुणीच काही बोललं नाही. बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला. तो मात्र अण्णांना ऐकू आला. ‘बघा, हा असा त्रास!’

जाताना काका मला गाडीपाशी घेऊन गेले. म्हणाले, वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. स, श, त, क, फ हे असले व्यंजनांचे आवाज वरच्या पट्टीतच असतात. स्वर खाली असतात, ते ऐकू येतात. म्हणून माणसाला वाटतं, मला ऐकू तर येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. मग तो आवाज वाढवतो. ‘त्याने ऐकू जास्त येतं ताई, कळत जास्त नाही. माझंही तेच चाललंय. मला मीटरवर कळलं.’

पुण्याला परत येताना मी गाडीत गप्प होते. मला टीव्ही आठवत नव्हता. मला फोन आठवत होते. गेली दोन वर्षं मी रोज रात्री फोन करते. अण्णा उचलतात, ‘हां, बरी आहेस ना? घे, आईशी बोल,’ म्हणतात आणि संपलं. मी मनात धरून ठेवलं होतं. मुलगी लग्न होऊन गेली, आता काय बोलणार हे, असं. एकदा तर आईजवळ रडलेही होते. माणसाला माझं बोलणं नको नव्हतं. ते त्याला लागत नव्हतं.

अण्णांना सांगायचं कसं? ‘तुम्हाला कमी ऐकू येतं’ म्हटलं असतं, तर त्यांनी हायवे पुढे केला असता. म्हणून मी रात्री अकराला, रस्ता जरा निवांत असताना, त्यांना रिमोट दिला आणि म्हटलं, ‘अण्णा, आता ट्रक नाहीत. तुम्हाला हवा तेवढा ठेवा.’ त्यांनी आवाज वाढवत नेला आणि अर्ध्यात थांबले. आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार, तिला त्रास होतो का.’ आईने विषय बदलला. तेच उत्तर होतं.

त्या रात्री मी रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी चार डेसिबलने वर केली आणि मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणारा नाइट मोड लावला. धमाके खाली आले, संवाद वर. अण्णा म्हणाले, ‘हा माणूस आज नीट बोलतोय!’ पण हे अर्धंच काम होतं, हे मला आता माहीत होतं. रिसीव्हर हॉलमधल्या टीव्हीचं बोलणं सुधारतो. दारावरच्या पाहुण्याचं, नातवाचं आणि माझं नाही. महिनाभर कुरकुर करून अण्णा पुण्यात ऑडिओमेट्रीला आले. आलेख बघितला. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे कात्रजच्या घाटासारखी खाली उतरलेली. दोन्ही कानांना मशीन लागलं. पहिले पंधरा दिवस ते डबीतच होतं. ताटं-वाट्या फार वाजतात म्हणे.

गेल्या शनिवारी मी बेल वाजवली आणि सवयीने लगेच मोबाइल काढला. दार उघडलं. अण्णा! ‘अगं, एकदा वाजवली की पुरे. बहिरा आहे का मी?’

आतून गाण्याचा आवाज येत होता. झोन टू. 101.0. आई पोळ्या लाटत होती आणि भिंतीवरच्या बटणाला पिठाची बोटं उमटलेली होती. अण्णा हॉलमध्ये जाऊन बसले, दोन मिनिटं बातम्या बघितल्या आणि मग स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, ‘अगं, तो रेडिओ जरा कमी कर! काही ऐकू येऊ देशील का?’

आईने बटणाकडे हात नेला. मग माझ्याकडे बघितलं, आणि पोळी उलटवली.